एक ना धड, भाराभर शब्द

पोट्टेहो,

तुम्ही सगळ्यांनी मिळून मला एकच प्रश्न विचारला आहे: स्टॉक फोटोंना कीवर्ड देताना स्पेलिंग ब्रिटिश घ्यायचं की अमेरिकन? उत्तर देणार आहे. पण त्याआधी तुमची कानउघाडणी करणार आहे, कारण प्रश्न विचारण्यापूर्वी तुम्ही जे करून ठेवलं आहे ते मी एकेक फाईल उघडून पाहिलं. फोटो ताडोब्याचे आहेत, भामरागडचे आहेत, वडशाच्या नाटकांचे आहेत. फोटो चांगले आहेत, काही तर फारच चांगले. त्यांच्याखाली लिहिलेले शब्द वाचून मात्र मला राग आला. पहाटे अंधारात उठून मोहर्लीच्या गेटवर थांबायची तुमची तयारी असते. भाड्याची लेन्स नागपूरहून आणायची तयारी असते. मे महिन्याच्या उन्हात पाणवठ्यासमोर तासन् तास न हलता बसायची तयारी असते. आणि फोटो हातात आल्यावर त्याला शब्द द्यायला दहा मिनिटं बसायची तयारी नसते! ह्याला पाट्या टाकणं म्हणतात. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांनी पाट्या टाकलेल्या मी खपवून घेणार नाही.

राखी धनेशाचा तो फोटो घ्या. उंबराच्या फांदीवर बसलेला पक्षी, चोचीच्या टोकाला धरलेलं फळ, डोळ्यात नेमका प्रकाश. असा फोटो वर्षातून एखाद्याच वेळी मिळतो. आता त्याची यादी वाचा. शीर्षकात ‘ग्रे’ लिहिताना मधलं अक्षर ई. कीवर्डमध्ये तोच ‘ग्रे’ ए घेऊन आला आहे. पुढे एका ठिकाणी ए दोनदा पडला आहे, ते स्पेलिंग जगात कुठेच चालत नाही. ‘कलरफुल’ यू-सकट लिहिलं आहे, खाली ‘कलर’ यू-शिवाय. आणि मुळात राखाडी पक्ष्याला कलरफुल म्हणायचं काय कारण? त्यानंतर ‘टूकॅन’. टूकॅन हा अमेरिका खंडातला पक्षी, धनेशाशी त्याचं जवळचं नातं नाही. चोच मोठी दिसली म्हणून तुम्ही तो शब्द चिकटवला. मग ‘रेनफॉरेस्ट’. ताडोबा शुष्क पानगळीचं जंगल आहे हे तिथला प्रत्येक गाईड पर्यटकांना पहिल्या दहा मिनिटांत सांगतो, आणि तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरी गाईड आहेत. पन्नास जागा भरल्या, पण पक्ष्याचं शास्त्रीय नाव त्यांत नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या.

आता त्या पक्ष्यावर जरा थांबा, कारण तुमच्या प्रश्नाचा सगळा गाभा त्याच्या नावात आहे. जगभरचे पक्षीनिरीक्षक मुख्यतः दोन याद्या वापरत आले. एक आयओसीची जागतिक पक्षीसूची आणि दुसरी क्लेमेंट्स सूची, जी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी-प्रयोगशाळा सांभाळते आणि जिच्यावर ई-बर्ड चालतं. आयओसीच्या यादीत आपला धनेश ‘इंडियन ग्रे हॉर्नबिल’ आहे तो ई-वाल्या ग्रेने. क्लेमेंट्समध्ये तोच पक्षी ए-वाल्या ग्रेने. ताडोब्याच्या तळ्यावर बसणारा करड्या डोक्याचा मत्स्यगरुडही तसाच दोन स्पेलिंगांनी वावरतो. दोन्ही याद्या तज्ज्ञांनीच केल्या आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. त्यांच्यात आणि तुमच्यात फरक इतकाच की त्यांनी एक पद्धत ठरवली आणि पहिल्या पक्ष्यापासून शेवटच्यापर्यंत पाळली. तुम्ही एका पक्ष्यापुरतीही पाळली नाही. चूक अमेरिकन स्पेलिंगची नाही, ब्रिटिशचीही नाही. चूक तुमच्या धरसोडीची आहे.

ही धरसोड आली कुठून, तेही समजून घ्या, म्हणजे पुन्हा करताना हात थांबेल. शाळेत आपण जे इंग्रजी शिकलो ते ब्रिटिश वळणाचं. बालभारतीच्या पुस्तकात कलरमध्ये यू होता, सेंटरच्या शेवटी आर-ई होतं, तुमच्या बाईंनी तो यू राहिला म्हणून गुणही कापले असतील. फोन आणि कॉम्प्युटर मात्र बऱ्याचदा अमेरिकन इंग्रजी लावूनच हातात येतात. तुम्ही शाळेतलं स्पेलिंग टाइप करता, खाली लाल रेघ येते, काही शब्द यंत्र परस्पर बदलतं, काही तसेच राहतात. तुम्ही ते पाहतही नाही. म्हणजे तुमच्या यादीतलं अर्धं स्पेलिंग बाईंनी ठरवलं, अर्धं कीबोर्डाने. तुम्ही काय ठरवलं? काहीच नाही.

हा भेद कुणाच्या अडाणीपणातूनही आलेला नाही. सॅम्युअल जॉन्सनचा शब्दकोश लंडनमध्ये १७५५ साली निघाला आणि ब्रिटिश स्पेलिंगला घट्टपणा आला. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर नोआ वेबस्टर नावाच्या शिक्षकाने ठरवलं की नव्या देशाच्या मुलांना सोपं आणि आपलं स्पेलिंग हवं. त्याचं शाळेतलं स्पेलिंगचं पुस्तक १७८३ चं, मोठा शब्दकोश १८२८ चा. कलरमधला यू काढणं, सेंटर आणि थिएटरच्या शेवटी ई आधी आणि आर नंतर आणणं हे त्याने रुजवलं. त्याच्या काही सुधारणा लोकांनी नाकारल्याही. म्हणजे यू-शिवायचा कलर ही गबाळेपणाची खूण आहे असं तुमच्यापैकी ज्याने वर्गात म्हटलं, त्याने हे नीट ऐकावं. आणि ज्याला वाटतं की ‘ऑर्गनाइझ’मध्ये झेड आला की ते अमेरिकन झालं, त्याने ऑक्सफर्डचा कोश उघडावा. ऑक्सफर्ड स्वतः झेडच पसंत करतं. ऐकीव नियमांवर काम करू नका. शंका आली की कोश उघडा. तो आता तुमच्या खिशातल्या फोनमध्येच आहे.

आता बाजाराकडे या. शटरस्टॉक २००३ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालं. अडोबीने फोटोलिया विकत घेऊन २०१५ मध्ये आपला स्टॉकचा धंदा उभा केला, तीही अमेरिकन कंपनी. आयस्टॉक २००६ मध्ये गेटीने घेतलं, आणि गेटीचं मुख्य ठाणं सिअ‍ॅटलला. अलामी मात्र १९९९ पासून ब्रिटनमधलं, आणि २०२० पासून तिथल्याच पीए मीडिया समूहाचं. गेटीकडे शब्दांची नियंत्रित यादी असते. तुम्ही शब्द दिला की त्याचा कोणता अर्थ हवा ते निवडावं लागतं. अडोबी स्टॉकवर जास्तीत जास्त ४९ कीवर्ड चालतात आणि पहिल्या दहांना सर्वाधिक वजन असतं. शटरस्टॉकवर किमान ७ आणि कमाल ५०. अलामीवर ५०, आणि त्यांतले १० तुम्ही खास टॅग म्हणून पुढे करू शकता. हे सगळं त्या त्या ठिकाणी स्वच्छ लिहिलेलं आहे. तुमच्यातल्या किती जणांनी ते वाचलं? शब्द वर्णानुक्रमाने लावून दिलेत. परिणाम काय झाला? अडोबीवर ज्या दहा जागा सोन्याच्या मोलाच्या, तिथे ‘अ‍ॅनिमल’, ‘आशिया’, ‘ब्युटिफुल’ जाऊन बसले आणि ‘टायगर’ शेवटून तिसरा.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर ऐका, आणि वहीत उतरवून घ्या. पाया अमेरिकन ठेवा, जोड ब्रिटिशची द्या. मोठ्या एजन्सींचा बहुतेक कारभार अमेरिकन इंग्रजीत चालतो, म्हणून पहिल्या दहांत अमेरिकन स्पेलिंग. त्याच शब्दाचं ब्रिटिश स्पेलिंग त्याच यादीत नंतर. एका फोटोच्या यादीत असे दुहेरी स्पेलिंगचे शब्द असतात किती? चार, फार तर पाच. पन्नासातल्या चार जागा गेल्या म्हणून आभाळ कोसळत नाही. त्या जागा हव्या असतील तर ‘ब्युटिफुल’, ‘अमेझिंग’, ‘नाइस’ काढा. एकवचन-अनेकवचन लावून एकच शब्द दोनदा घुसवणं थांबवा. बरोबर असलेलं दुसरं स्पेलिंग हे भरताड नव्हे. ते गिऱ्हाइकासाठी उघडलेलं दुसरं दार आहे.

शीर्षकाचा नियम वेगळा. शीर्षक वाक्य असतं आणि वाक्यात एकच पद्धत चालते. अर्धं ब्रिटिश, अर्धं अमेरिकन असं शीर्षक लिहिलं की समोरच्याला तुमच्या कामाची प्रत कळून चुकते. फोटो अलामीवर, बातमीसाठी, ब्रिटिश किंवा भारतीय वृत्तपत्रांच्या डोळ्यांसमोर ठेवून देत असाल तर शीर्षक ब्रिटिशमध्ये लिहा, कारण ते लोक तसंच लिहितात. अडोबी किंवा शटरस्टॉकवर जाहिरातवाल्यांसाठी देत असाल तर अमेरिकन. आधी गिऱ्हाईक ठरवा, मग स्पेलिंग.

“सर, शोधयंत्रणा दोन्ही स्पेलिंगं एकच धरते,” असं मला तुमच्यातल्या एकाने मोठ्या ऐटीत सांगितलं. कुठली यंत्रणा? किती शब्दांसाठी? तू करून पाहिलंस का? करून पाहायला पैसे लागत नाहीत. प्रत्येक एजन्सीच्या शोधपट्टीत आधी यू-वाला कलर टाका, किती फोटो येतात ते लिहा. मग यू-शिवायचा टाका, पुन्हा लिहा. तेच ‘ज्वेलरी’ला करा, ‘प्लाऊ’ला करा, ‘थिएटर’ला करा. आकडे सारखे आले तर तिथे तुमच्या जागा वाचल्या. वेगळे आले तर दोन्ही स्पेलिंगं घाला. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि ते केल्यावर कुणालाही विचारायची गरज उरत नाही.

आता जिथे घोडं पेंड खातं तिथे येतो. तुम्ही स्पेलिंगच्या यूवर भांडत बसलात, आणि दोन्हीकडे अर्थच बदलतो असे शब्द तुमच्या नजरेतून निसटले.

दुर्गापूरच्या कोळसा खाणीचा तो फोटो. तुम्ही ‘ओपनकास्ट’ लिहिलंत, कारण खाणीच्या फलकावर तसं लिहिलं आहे. तो ब्रिटिश शब्द. अमेरिकेतला संपादक ‘ओपन-पिट’ किंवा ‘स्ट्रिप माइन’ शोधतो. त्याला तुमचा फोटो दिसणारच नाही, स्पेलिंग कितीही अचूक असो. चंद्रपूर जिल्हा कोळशाने आणि महाऔष्णिक केंद्राने ओळखला जातो, ऊर्जेवर आणि प्रदूषणावर लिहिणारे जगभरचे लोक असे फोटो शोधत असतात, आणि आपण एका शब्दासाठी त्यांच्यापर्यंत पोचत नाही. दोन्ही शब्द द्या. ‘लॉरी’ लिहिलं तर ‘ट्रक’ही द्या.

नांगरणीचे फोटो पाहा. ब्रिटिश ‘प्लाऊ’ ओ-यू-जी-एचने संपतो, अमेरिकन ओ-डब्ल्यूने. इथे दोन्ही हवेतच. पण धानाच्या बांधीत बाया रोवणी करताहेत, त्या फोटोलाही तुम्ही ‘प्लाऊ’ दिलंत. रोवणीत नांगर कुठे आहे? तिथे पऱ्ह्यांच्या पेंढ्या आहेत, चिखल आहे, वाकलेल्या पाठी आहेत. ‘राइस ट्रान्सप्लांटिंग’ म्हणा. ‘पॅडी’ आपण धानाला म्हणतो, पाश्चात्त्य वाचक तो शब्द ऐकून शेत समजतो, म्हणून ‘राइस’, ‘राइस पॅडी’, ‘राइस फील्ड’ हेही द्या. आणि नागभीडकडच्या धानाला ‘बासमती’ लिहिणाऱ्याने तर मान खाली घालावी. त्याच तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे नावाच्या अल्पभूधारक शेतकऱ्याने आपल्या शेतातल्या वेगळ्या लोंब्या निवडून, वर्षानुवर्षं जपून एचएमटी वाण दिलं. तो तांदूळ पुढे राज्याराज्यांत पोचला. त्या मातीत उभं राहून काढलेल्या फोटोला परक्या तांदळाचं नाव? कशासाठी? जास्त लोक शोधतात म्हणून? त्या शोधणाऱ्याला बासमती हवा आहे. त्याला तुमचा फोटो नको आहे. तो तुमच्या फोटोवरून पुढे जाईल, आणि ज्याला खरोखर विदर्भाचं धान हवं होतं त्याला तो सापडणार नाही. दोन्हीकडून नुकसान.

आरमोरीच्या कोशाच्या साडीचा फोटो. तुमच्या यादीत फक्त ‘सिल्क’. अरे, हे जंगलात वाढवलेल्या कोशाचं कापड आहे, तीच तर त्याची किंमत. सरकारी कागदांत ते ‘टसर’ असतं, ब्रिटिश लेखनात ‘टसोर’, अमेरिकन लेखनात ‘टसा’. तिन्ही स्पेलिंगं द्यायला हवी होती. एकही दिलं नाही.

वडशाच्या नाटकांचे फोटो. झाडीपट्टी रंगभूमी ही आपल्या चार जिल्ह्यांची शान. दिवाळीनंतर मंडई, शंकरपट सुरू होतात आणि गावोगाव रात्रभर नाटकं रंगतात. ह्या रंगभूमीसाठी परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. तुम्ही ‘थिएटर’ अमेरिकन स्पेलिंगने लिहिलंत आणि थांबलात. अमेरिकेतसुद्धा कितीतरी नाट्यसंस्था आपल्या नावात आर-ई लावतात, म्हणून इथे दोन्ही स्पेलिंगं पुढच्या जागांवर घ्यायला हवीत. नुसतं ‘थिएटर’ दिलं तर सिनेमागृह शोधणाराही येईल. ‘फोक थिएटर’, ‘स्टेज’, ‘झाडीपट्टी’, ‘देसाईगंज’, ‘वडसा’ कुठे आहेत? ज्या संशोधकाला ह्याच रंगभूमीचा फोटो हवा आहे तो ‘झाडीपट्टी’ टाइप करणार आणि त्याला कोरी पाटी दिसणार.

प्राण्यांचं तर विचारूच नका. काळ्या बिबट्याला तुम्ही नुसतं ‘पँथर’ लिहिता. अमेरिकेत पँथर म्हटलं की फ्लोरिडाचा प्युमा डोळ्यांसमोर येतो. ‘ब्लॅक लेपर्ड’, ‘मेलॅनिस्टिक’ आणि शास्त्रीय नाव द्या, मग ‘ब्लॅक पँथर’ही चालेल. गव्याला ‘बायसन’ लिहिलं की अमेरिकन माणसाला त्याच्या गवताळ मैदानातला केसाळ बायसन हवा असतो. ‘गौर’ लिहा. रानकुत्र्याला ‘वाइल्ड डॉग’ लिहिलं की आफ्रिकेतली ठिपक्यांची रानकुत्री येतात. ‘ढोल’ लिहा. चिरक पक्ष्याला नुसतं ‘रॉबिन’ म्हटलं तर ब्रिटिशाला नाताळच्या कार्डावरचा लाल छातीचा पक्षी हवा असतो आणि अमेरिकनाला त्याच्या अंगणातला मोठा कस्तुरवर्गी पक्षी. सांबराचा शब्द एकटा सोडला तर इडलीबरोबरचं सांबारही येऊन बसतं. ‘डिअर’ जोडा. जांभई देणाऱ्या वाघिणीला ‘रोअरिंग’ लिहिणाऱ्याने तर जंगलातली वर्षं फुकट घालवली.

ह्या सगळ्यावर एक उपाय आहे आणि तो तुम्हाला शाळेत शिकवलेला आहे. शास्त्रीय नाव. लिनेयसने १७५८ मध्ये प्राण्यांना दोन शब्दांची नावं द्यायची रीत पक्की केली, ती ह्याच गोंधळावर कामाला येते. ‘पँथेरा टायग्रिस’ लंडनमध्ये, न्यूयॉर्कमध्ये आणि चंद्रपुरात एकाच स्पेलिंगने लिहितात. धनेशाचं ‘ओसिसेरॉस बायरोस्ट्रिस’ लिहिलं असतं तर ग्रेचा ई-ए वाद त्या जागेपुरता मिटला असता. अभ्यासक, पुस्तकांचे संपादक, संग्रहालयं ह्याच नावाने शोधतात.

सागाच्या पानगळीचा फोटो ‘ऑटम’ की ‘फॉल’, असं एकाने विचारलं. दोन्ही नको. आलापल्लीच्या जंगलात पानं झडतात ती शिशिरात, उन्हाळा तोंडावर आलेला असतो. ‘फॉल’ शोधणाऱ्याला ऑक्टोबरातला लाल-केशरी मेपल हवा आहे. त्याला फसवू नका. ‘ड्राय डेसिड्युअस फॉरेस्ट’, ‘टीक’, ‘ड्राय सीझन’ लिहा. पळसाला ‘फ्लेम ऑफ द फॉरेस्ट’ म्हणता, पण त्याच नावाने काही ठिकाणी गुलमोहर तर काही ठिकाणी आफ्रिकन ट्यूलिपचं झाड ओळखलं जातं. ‘ब्युटिया मोनोस्पर्मा’ लिहा आणि मोकळे व्हा.

आणि ती जिप्सी! सफारीच्या गाडीला आपण जिप्सी म्हणतो, ते मारुतीच्या गाडीचं नाव. कीवर्डमध्ये नुसता ‘जिप्सी’ टाकलात तर युरोपात त्याचा अर्थ रोमा समाजाची माणसं असा होतो, आणि त्या समाजातले अनेक जण ह्या शब्दाकडे शिवी म्हणून पाहतात. ‘सफारी व्हेइकल’ लिहा. दुसऱ्याच्या देशात आपला शब्द कुणाला लागतो हे पाहणं तुमच्या कामाचा भाग आहे.

हीच गोष्ट आपल्या लोकांबद्दल, आणि इथे मी सर्वांत जास्त संतापलो आहे. भामरागडच्या आठवडी बाजारातल्या माडिया बाईचा फोटो. गळ्यात मण्यांच्या माळा, कानात दागिने, चेहऱ्यावर ठाम भाव. तुम्ही ‘ज्वेलरी’ दोन एलने लिहिली की एकाने, ह्याची चर्चा केलीत. दोन्ही द्या, तो प्रश्न संपला. पण त्याच यादीत ‘प्रिमिटिव्ह’, ‘बॅकवर्ड’, ‘पुअर’ हे शब्द कुणी लिहिले? त्या बाईला विचारून लिहिले का? ‘इंडियन ट्राइब’ एवढंच लिहिलं की अमेरिकेत लोक त्यांच्याकडच्या मूळ रहिवाशांचे फोटो समजतात, आणि तुमचा फोटो तिथेही चुकीचा ठरतो. ‘माडिया’, ‘गोंड’, ‘आदिवासी’, ‘भामरागड’, ‘गडचिरोली’, ‘महाराष्ट्र’, ‘साउथ एशियन’ लिहा. तिची लेखी संमती नसेल तर तो फोटो जाहिरातीसाठी द्यायचाच नाही. अपमानाचा शब्द कोणत्याही स्पेलिंगने अपमानच असतो.

गावांच्या नावांतही शिस्त पाळा. भामरागडच्या शेवटी कुणी डी लिहितं, कुणी आर-एच. नकाशांवर दोन्ही सापडतात, दोन्ही द्या. चंद्रपूरच्या जुन्या कागदपत्रांतल्या विषयासाठी ‘चांदा’ही द्या, कारण १९६४ पर्यंत तेच नाव होतं. मात्र ताडोब्याचा फोटो ‘नागपूर’ म्हणून खपवू नका. नागपूरला विमानतळ आहे, वाघ आपल्याकडे आहेत.

“आता एआय कीवर्ड देतं,” असंही कानावर आलं. देतं, मीही पाहतो. त्याला फांदी दिसते, पक्षी दिसतो, लाल माती दिसते. ते कापड आरमोरीचं आहे, ती नदी पर्लकोटा आहे आणि पुढे इंद्रावतीला मिळते, तो पक्षी धनेश आहे, हे त्याला तुम्ही सांगायचं असतं. त्याने दिलेले शब्द कोणत्या स्पेलिंगने आले हेही तुम्ही पाहिलं नाहीत, खाली आपले शब्द चिकटवले आणि पाठवून दिलं. यंत्राच्या सूचना घ्या, पण प्रत्येक शब्दावर बोट ठेवून विचारा: हे फोटोत आहे का? आणि ज्याला हे हवं आहे तो हाच शब्द लिहील का? दोन्हींची उत्तरं ‘हो’ असतील तरच शब्द ठेवा.

मारुती चितमपल्ली जंगलात नोकरी करत असताना लोकांच्या तोंडून पक्ष्यांची, झाडांची नावं गोळा करत राहिले. त्यातून पक्षिकोशासारखं काम उभं राहिलं. एका पक्ष्याला वेगवेगळ्या भागांत काय म्हणतात हे त्यांना महत्त्वाचं वाटलं, कारण नाव चुकलं की पक्षीच हरवतो हे त्यांना माहीत होतं. त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता, शोधपट्टी नव्हती. तुमच्याकडे दोन्ही आहेत आणि तुम्हाला एका पक्ष्याची दोन स्पेलिंगं नीट लिहिता येत नाहीत. हे मला बोचतं. तुम्ही ह्या मातीतली मुलं आहात. मोहाची फुलं पहाटे वेचणाऱ्या घरांतली आहात. बाहेरून येणाऱ्या फोटोग्राफरला मोह आणि तेंदू ह्यांतला फरक सांगावा लागतो, तुम्हाला तो झोपेत कळतो. म्हणूनच तुमची यादी सगळ्यात अचूक असायला हवी होती. ती सगळ्यात गबाळी निघाली, त्याचं मला दुःख आहे.

आता काय करायचं ते सांगतो. प्रत्येकाने आपले दहा फोटो घ्यायचे आणि त्यांचे सगळे कीवर्ड पुसून टाकायचे. आधी मराठीत लिहा: फोटोत काय आहे, कुठे आहे, कधीचं आहे, कोण काय करतंय. मग प्रत्येक गोष्टीचं अमेरिकन नाव, वेगळं असेल तिथे ब्रिटिश नाव, मग शास्त्रीय नाव, मग गाव, तालुका, जिल्हा. लाइटरूम वापरणाऱ्यांनी कीवर्डच्या यादीत एकदाच नीट पर्यायी शब्द भरून ठेवायचे. ‘ग्रे’ला त्याचं दुसरं स्पेलिंग, ‘कलर’ला, ‘प्लाऊ’ला, ‘ज्वेलरी’ला, ‘थिएटर’ला, ‘फायबर’ला. तिथे पर्यायी शब्द फाईलबरोबर बाहेर पाठवायची खूण असते, ती चालू करायची. मग प्रत्येक फोटोला दोन्ही स्पेलिंगं आपोआप जातील आणि ही धरसोड कायमची संपेल. शेवटी क्रम लावा, सर्वांत महत्त्वाचे दहा वर.

मंगळवारी ताडोब्याचा कोअर पर्यटकांना बंद असतो, त्यामुळे सफारीचं निमित्त कुणालाही सांगता येणार नाही. येत्या मंगळवारी सकाळी दहा वाजता सगळ्यांनी आपापल्या याद्या कागदावर छापून घेऊन यायचं. एकेक शब्द तुमच्याकडून वाचून घेईन, आणि तो का लिहिला ते तुम्ही उभं राहून सांगायचं. ज्याला सांगता येणार नाही त्याने तो शब्द तिथेच खोडायचा.